आर्णीचा निषाद

"संगीतात बावीस श्रुती आहेत असं आजवरचे सगळे शास्त्रकार सांगत आले," नीळकंठराव मार्डीकर म्हणाले आणि समोरच्या श्रोतृवर्गावर त्यांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. "त्या सर्वांना मी आज नम्रपणे कळवू इच्छितो, की तेविसावी सापडलेली आहे. ती काशीला सापडली नाही. ग्वाल्हेरला सापडली नाही. पुण्याला तर नाहीच नाही. ती आर्णीला सापडली."

श्रोतृवर्ग म्हणजे शुभदाताई, त्यांच्या पत्नी. त्या पाटीत तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. नजर डावीकडून उजवीकडे फिरवावी एवढ्या त्या रुंद नव्हत्या, पण नीळकंठरावांना सभेत बोलल्यासारखं बोलायची सवय होती.

"ऐक," असं म्हणून त्यांनी शेजारच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण दाबलं, डोळे मिटले, मान तिरकी केली. आणि लाइन गेली.

तानपुरा मुका झाला, शेंगांचा टकटक आवाज तेवढा राहिला.

"सापडली ना?" शुभदाताई म्हणाल्या. "मग पळते कुठं आता. लाइन आल्यावर ऐकते. तोवर दोन शेंगा सोला."

नीळकंठरावांनी शेंगा सोलल्या.

ते पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी लोकांचे अर्ज पुढे सरकवले आणि उरलेल्या वेळात बंदिशी रचल्या. 'नीलदास' ही मुद्रा घालून त्यांनी शंभरावर ख्याल आणि तराणे केले होते. त्या बंदिशी गायल्या कोणी म्हणाल, तर नीळकंठरावांनी. ऐकल्या शुभदाताईंनी. दाद दिली, ती पुन्हा नीळकंठरावांनी. या कारभारात बाहेरचं माणूस एकच होतं, ते म्हणजे मिताली. समोरच्या शिक्षकांची ही मुलगी फ्रॉकमध्ये असल्यापासून त्यांच्याकडे गाणं शिकली आणि पुढे शिकायला पुण्याला गेली. जाताना नीळकंठरावांनी आपला मिरजेचा तानपुरा तिच्यासोबत दिला. "तुला तिथं खरा तानपुरा लागेल," ते म्हणाले होते, "माझं डब्यावर भागते."

तर हा तो डबा. चार तारांसाठी चार बटणं, बाजूला आवाज लहानमोठा करायचं एक. प-सा-सा-सा करत तो न थकता, न उतरता, चहा न मागता वाजत राही. नीळकंठराव आधी त्याला तुच्छतेनं डबा म्हणत, मग सवयीनं, आणि आता जरा प्रेमानं म्हणत होते. कारण तेविसावी श्रुती डब्याच्या संगतीत सापडली होती.

ते असं झालं. त्या वर्षांत आर्णीत दुपारनंतर लाइन जायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास यायची. आली तरी तिच्यात जोर नसे, टीव्ही लागत नसे, मिक्सर फिरत नसे, त्यामुळे घरात शांतता असे आणि नीळकंठराव रियाजाला बसत. पटदीप रागात काही नवं बांधावं म्हणून त्यांनी डब्याची पहिली तार निषादावर लावून ठेवली होती. बसता बसता एका संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं, की आपण गातोय तो निषाद पटदीपाचा नाही. पटदीपाचा निषाद शुद्ध, ताठ. हा जरा वाकलेला होता. भीमपलासीचा म्हणावा, तर तो कोमल, पार खाली बसलेला. हा तितका खाली नव्हता. भीमपलासी आणि पटदीप ही एका भिंतीची दोन घरं. हा स्वर त्यांच्या मधल्या बोळात उभा होता, आणि तिथं उभं राहायची त्याला मुळीच लाज वाटत नव्हती.

नीळकंठरावांच्या अंगावर काटा आला. ते रोज त्या बोळात जाऊन बसू लागले. दोन हिवाळे गेले. स्वराभोवती चलन उभं राहिलं, चलनातून राग झाला, आणि एका संध्याकाळी पिकल्या टेंभराच्या फळासारख्या पिवळ्या-तांबड्या बल्बकडे बघताना शब्दही आले:

*मंद भयो दीप, साँझ ठहर गई,*
*कहे नीलदास, अब कौन सुर गाऊँ।*

रागाचं नाव त्यांनी 'मंददीप' ठेवलं.

आता एवढं झाल्यावर माणसानं सुखानं बसावं. पण नीळकंठरावांची झोप उडाली. वरच्या षड्जावर गेलं की त्यांच्या आवाजातून वारा निघायला लागला होता. एकाच गळ्यात असलेला राग हा राग नसतो, तो त्या माणसाचा खोकला असतो, माणसासोबत जातो. मंददीप आणखी एका गळ्यात जायला हवा होता, आणि त्यांच्या माहितीत तसा गळा एकच होता.

त्यामुळे मितालीचा फोन आला तेव्हा ते उभे राहून बोलले.

"काका, फेब्रुवारीच्या शेवटी माझं गाणं आहे. छोटाच हॉल आहे, पण ऐकणारे चांगले असतात. सगळ्या नव्या रचना गायच्या, असं ठरलंय. तुमची एखादी बंदीश देता का?"

"बंदीश कायले? मी तुला राग देतो."

"तुम्ही बांधलेला?"

"मी नाही बांधला. सापडला."

"मग काका, सीडी करून पाठवा ना. फोनवर सूर कळत नाही हो. सगळे सपाट ऐकू येतात."

सीडी हा शब्द नीळकंठरावांना फार आवडला. जे रेकॉर्डवर नाही ते अस्तित्वात नाही, या तत्त्वावर त्यांची नोकरी झाली होती. डबा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन ते दुसऱ्याच दिवशी एसटीनं यवतमाळला गेले.

यवतमाळात तेव्हा पाहुणे फार. कापसानं जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं जे काही करून ठेवलं होतं ते बघायला दिल्लीपासून माणसं येत. लॉजमध्ये खोली मिळत नसे, कॅमेरे घेतलेली पोरं बसस्टँडवर चहा पीत उभी असत, आणि पॅकेज हा शब्द पानवालासुद्धा वापरी. टायरच्या दुकानावर माडी होती, माडीवर 'गुलशन डिजिटल रेकॉर्डिंग' अशी पाटी होती आणि आत जफरभाई होते. त्यांचे वडील बँडची वाद्यं आणि पेट्या दुरुस्त करत. जफरभाईंनी कॅसेटी भरल्या, आणि आता कॉम्प्युटर घेतला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते.

"या साहेब, या. बसा दोन मिनिट. बियाण्याची जाहिरात निपटवून राह्यलो." जफरभाईंनी खुर्ची पुढं केली. "हे ऐका, मजा पाहा. हे पहिलेवालं."

स्पीकरमधून एक बाप्या माणूस बोलला, "मी यंदा हेच बियाणं पेरलं. मी खुश हाओ." आवाज 'खुश'पाशी येऊन असा खाली बसला, जसा बैल बसतो.

"आता हे ऐका." जफरभाईंनी बटण दाबलं. तोच माणूस, तेच शब्द, पण आता जणू स्वतःच्या वरातीत बोलत होता.

"कंपनीवाल्यानं खरोखरचा कास्तकार आणला होता बोलाले," जफरभाई म्हणाले. "पन 'खुश' म्हनताना आवाज पाहा ना, मयतीत आल्यावानी. कंपनीवाला म्हने, दुसरा आणू. म्या म्हनलं, कायले? हाच वर करून देतो."

"त्या माणसाला चाललं?"

"त्याले कोन विचारलं, साहेब!"

मग नीळकंठराव काचेच्या पलीकडे बसले. कानांवर हेडफोन आले, डबा जोडला गेला, आणि डब्यातून निषाद आला. तो ताठ होता. पटदीपाचा. नीळकंठरावांनी डबा बंद केला, पुन्हा लावला. वरून चापट मारली. बटण पुसलं. निषाद हटेना.

"काय झालं?" जफरभाईंनी विचारलं.

"हा असा वाजत नाही."

"आता खरा वाजून राह्यला असंल. आपल्याइथं स्टॅबिलायझर हाये, साहेब. करंट एकदम शुद्ध. एवढा शुद्ध करंट यवतमाळात कोनाजवळ नाही."

एसटीच्या धक्क्यांनी डब्याचं काही तरी हललं असावं, असं नीळकंठरावांनी ठरवलं. डबा बाजूला केला, तिथल्या पोऱ्याला पेटीवर नुसता षड्ज धरायला सांगितला आणि गायला सुरुवात केली. गळा आपल्या वाटेनं गेला. 'ठहर गई'वर तो बरोबर बोळात जाऊन उभा राहिला. नीळकंठरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काचेतून बघितलं, तर जफरभाई पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घालत होते.

सीडी दुसऱ्या दिवशी आर्णीच्या बसनं घरी आली. सकाळी लाइन होती. टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये सीडी घातली, शुभदाताईंना बोलावलं, आणि दोघं ऐकू लागले.

पहिल्या ओळीत भीमपलासी होता. अंतऱ्यात पटदीप होता. मधे एका तानेत दोघंही येऊन गेले, एकमेकांना ओळख न देता. मंददीप कुठंच नव्हता.

"छान झालं की," शुभदाताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता त्यापेक्षा सुरात वाटते."

नीळकंठरावांनी फोन उचलला.

"जफरभाई, माझ्या निषादाचं काय केलं?"

"कोनाचं?"

"निषादाचं. नी! नी!"

"अच्छा, नी! हो, तो खाली येऊन राह्यला होता, साहेब. वय झालं की होते असं, वाईट वाटून घेऊ नका. म्या सगळे बराबर जाग्यावर बसवून देल्ले. त्याचे पैसे नाही लावले."

"तो खाली नव्हता! तो तिथंच राहतो!"

"कॉम्प्युटर तं खालीच दाखवून राह्यला होता."

"कॉम्प्युटरला काय कळतं?"

"त्याले बारा सूर कळतात. तुमाले किती कळतात?"

"तेवीस," नीळकंठराव म्हणाले.

मग जफरभाईंनी अतिशय मायेनं विचारलं, "साहेब, तब्येत बरी हाये ना तुमची?"

नीळकंठरावांनी फोन ठेवला. कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडर त्यांना आठवला. तो ढिगात हात घालतो, मूठभर कापूस काढतो, एकदा बघतो आणि ओरडून प्रत सांगतो. जी काही प्रत असेल, ती त्याच्या तक्त्यातलीच असते. तक्त्यात नसलेला कापूस जिल्ह्यात पिकत नाही. जफरभाईंच्या यंत्रानं तेच केलं होतं. जो स्वर वरच्या घराजवळ दिसला तो वर ढकलला, जो खालच्या घराजवळ दिसला तो खाली. बोळ झाडून साफ.

डबा खरंच बिघडला का, हे बघायला त्यांनी तो लावला. निषाद ताठ. दुपारी लाइन जाईपर्यंत त्यांनी तो पाच-सहा वेळा लावून पाहिला. ताठ तो ताठच. मग लाइन गेली. साडेपाचला ती आली, तसे अरुणावती नदीच्या काठापासूनचे सगळे मोटारपंप एकदम सुरू झाले असणार. बल्ब पेटला आणि लगेच टेंभरासारखा झाला. डब्यातला निषाद हळूच मान खाली घालून बोळात येऊन उभा राहिला.

"आला!" नीळकंठराव ओरडले.

"मिक्सर बसला पुन्हा," शुभदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "व्होल्टेजच नाही मेल्याला."

ही दोन वाक्यं नीळकंठरावांच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली. त्यांनी बल्बकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग पुन्हा बल्बकडे. एखादा माणूस आयुष्यभर ज्याला देवाचा प्रसाद समजत होता तो हलवायाच्या दुकानातून येत होता, असं कळल्यावर जसं बघेल, तसे ते बघत होते. इतर तीन तारांना काही झालेलं नव्हतं. पहिल्या तारेच्या बटणात काही दोष होता, व्होल्टेज उतरलं की तेवढीच तार उतरत होती. आणि नीळकंठराव दोन हिवाळे रोज संध्याकाळी त्या दोषासमोर हात जोडून बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निषाद ताठ. संध्याकाळी वाकलेला. संशयाला जागाच उरली नाही.

"ती श्रुती नाही," त्यांनी जेवताना शुभदाताईंना सांगितलं. "डीपी आहे. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर."

शुभदाताईंना हसू येत होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते वरणासोबत गिळलं. "मग मितालीला काय पाठवता?"

"आहे ती सीडी पाठवतो. जफरनं सुधारलेली. कुणाला काय कळणार आहे? म्हणतील, काकांनी भीमपलासी-पटदीपाचा जोडराग केला. बरा आहे. असे पुष्कळ असतात."

हे ते इतक्या समजूतदारपणे बोलले, की शुभदाताई घाबरल्या. नीळकंठराव समजूतदार होणं हे त्या घरात चांगलं लक्षण मानत नसत.

सीडी त्यांनी पाकिटातही घातली. पाकिटाला डिंक लावायचा तेवढा राहिला. डिंकाची बाटली हातात घेऊन ते ओसरीत बसले होते, आणि त्यांना तो जाहिरातीतला कास्तकार आठवत होता. त्याचाही आवाज खाली आला होता. त्याचाही जागेवर बसवून दिला होता. आता गावोगाव ऑटोला भोंगे लावून तो माणूस आपण खुश असल्याचं सांगत फिरत होता, आणि त्याचा खरा आवाज कुठं होता? कुठंच नव्हता. जफरभाईंसमोर तो एकदा निघाला होता, एवढंच.

"अगं," ते एकदम म्हणाले, "षड्ज कुठून आला माहीत आहे? मोराकडून. मध्यम क्रौंच पक्ष्याकडून, पंचम कोकिळेकडून. शास्त्रात लिहून ठेवलंय."

"बरं मग?"

"निषाद हत्तीकडून."

"हत्ती गातो?"

"गात नाही. ओरडतो. तरी त्याच्याकडून घेतला. घेणाऱ्याचे कान चांगले होते म्हणून घेतला." त्यांनी डिंकाची बाटली खाली ठेवली. "हत्तीकडून घेतलेला चालतो, कोकिळेकडून चालतो, बैलाकडूनसुद्धा एक घेतलाय. मग डीपीकडून घेतला तर काय बिघडलं? आर्णीत हत्ती आहे का? नाही. आहे ते हे आहे."

ते आत गेले. डबा बंदच ठेवला. दुपारची वेळ, व्होल्टेज होतं-नव्हतं त्याच्याशी काही संबंध नाही, अशा अवस्थेत त्यांनी षड्ज लावला आणि निषादाकडे गेले. गळा न चुकता बोळात गेला. त्यांनी मुद्दाम पटदीपाचा निषाद लावायचा प्रयत्न केला. गळा पुन्हा बोळात. डबा यवतमाळच्या शुद्ध करंटवर सुधारला होता. गळा मात्र बिघडलेलाच राहिला होता.

"चला," ते म्हणाले, "जफरकडं जातो."

जफरभाईंनी आधी मोडता घातला. "साहेब, तुमी म्हनाल तं तसंच ठेवतो. पन लोक म्हनतील, जफरच्या स्टुडिओत गडबड हाये. माह्या धंद्याचा सवाल हाये."

"सीडीवर माझं नाव टाका. तुमचं टाकू नका."

"आनि तुमचं नाव खराब झालं तं?"

"माझं नाव कुणाला माहीतच नाही, जफरभाई. खराब कसं होईल?"

हे जफरभाईंना पटलं. नीळकंठराव गायले. पुरं गाणं झाल्यावर नेहमीसारखा जफरभाईंचा हात माऊसवर गेला नाही. ते पडद्यासमोर तसेच बसून होते.

"काय झालं?" नीळकंठरावांनी काचेतून विचारलं. "मशीन बंद पडलं का?"

"नाही." जफरभाई मान हलवत म्हणाले. "हे त्या कास्तकारावानी वाटून राह्यलं, साहेब. पहिलेवाल्या."

ही दाद होती की तक्रार, हे नीळकंठरावांना नक्की कळलं नाही. ते हेडफोनची वायर गुंडाळत बसले.

सीडी कुरिअरनं पुण्याला गेली. सोबतच्या कागदावर नीळकंठरावांनी रागाचं चलन लिहिलं, वादी-संवादी लिहिले, आणि निषादापुढे थोडं थांबून एकच शब्द लिहिला: 'आर्णीचा'.

पुढच्याच आठवड्यात मार्डीकरांच्या गल्लीवर सरकारची कृपा झाली. जिल्ह्यात पाहुणे येऊन येऊन ज्या फायलींवरची धूळ उडाली होती, त्यात या गल्लीचा एक जुना अर्जही वर आला. 'कोपऱ्यावरील डीपीची क्षमता अत्यंत अपुरी असून नागरिकांची अपरिमित गैरसोय होत आहे', अशी त्याची सुरुवात होती. ती भाषा गल्लीत एकाच माणसाची असू शकत होती. वायरमन अमरसिंग ट्रॅक्टरवर नवी डीपी घेऊन आला, दोरखंडांनी ती वर चढवली, आणि संध्याकाळी साडेपाचला लाइन आली तेव्हा बल्ब असे पांढरेफटक पेटले की लोकांना एकमेकांचे चेहरे नव्यानं दिसले. अर्ज लिहिल्याबद्दल नीळकंठरावांना हार घातला. पेढे वाटले. शुभदाताईंनी त्याच संध्याकाळी मिक्सरमधून शेंगदाण्याची चटणी काढली आणि तो आवाज ऐकत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

नीळकंठराव हार घालूनच डब्यासमोर बसले. निषाद ताठ. टीव्हीपण चालू.

आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. गळ्यात आहे ना, मग झालं. पण रोज बसावं, रोज डब्यानं शुद्ध निषाद कानात ओतावा, असं दहा-पंधरा दिवस झाल्यावर एक दिवस त्यांना शंका आली. आपण लावतोय तो बोळातलाच आहे, की वरच्या घराच्या ओट्यावर चढलाय? त्यांनी पुन्हा लावला. आता तो खालच्या घराकडे झुकल्यासारखा वाटला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काहीच वाटेना. हरवलेली किल्ली शोधताना ती कशी दिसते हेच विसरावं, तसं झालं. डबा बंद करून पाहिला. कानात बोटं घालून पाहिलं. सीडी ऐकावी तर खरी सीडी एकच होती आणि ती पुण्यात. त्यांनी जफरभाईंना फोन केला.

"कॉम्प्युटरमध्ये असेल ना माझं गाणं?"

"काय सांगू, साहेब. व्हायरस घुसला होता. फॉर्मेट मारा लागला. सगळं गेलं. माह्या पोरीच्या लग्नाचे फोटोही गेले." जफरभाईंचा आवाज या वेळी आपोआपच खाली आला होता. "तो कास्तकार तेवढा वाचला. कंपनीजवळ होता."

"पहिलेवाला की दुसरा?"

"दुसरा."

एक दिवस कोपऱ्यावर अमरसिंग खांबावरून उतरताना दिसला. नीळकंठरावांनी त्याला चहाला बोलावलं. चहा झाला, नव्या डीपीचं कौतुक झालं, त्याच्या बंजारा तांड्यावर होळीला लेंगी गाणाऱ्यांची चौकशी झाली. मग नीळकंठराव म्हणाले, "अमरसिंग, हे व्होल्टेज… संध्याकाळी सहाच्या सुमारास, फार नाही, जरा कमी करता येते का?"

अमरसिंगनं कपबशी खाली ठेवली. "काकाजी, लोक व्होल्टेज वाढवाले मोर्चे काढतात, मले खांबाले बांधाची भाषा करतात. कमी करा म्हननारे तुमीच पयले."

"फक्त माझ्या घरापुरतं."

"काहून? बिल जास्त येऊन राह्यलं का?"

"नाही. गाण्यासाठी पाहिजे."

अमरसिंगनं शुभदाताईंकडे पाहिलं. शुभदाताईंनी दोन्ही डोळे सावकाश मिटून उघडले, त्याचा अर्थ 'तुम्ही निघा, मी बघते' असा होता. तो निघाला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी रात्री मितालीचं गाणं होतं. सोमवारी सकाळी तिचा फोन आला. नीळकंठराव पुन्हा उभे राहिले. शुभदाताई जवळ येऊन कान लावून बसल्या.

"काका! काका, काय सांगू तुम्हाला!" मिताली धापा टाकत असल्यासारखी बोलत होती. "पहिले पंधरा दिवस मला तो निषाद मिळेचना. तुमचा तानपुरा लावला की मी आपोआप वर जायची. सोडून देणार होते. मग एक दिवस तानपुरा ठेवून दिला, खिडकीत बसले, नुसती सीडी ऐकली, ऐकली, ऐकली. आणि आला. आता जातच नाही! परवा पटदीप गायला बसले तर तिथंही तोच! आमच्या बाई रागावल्या."

"रागावू दे," नीळकंठराव म्हणाले.

"काल 'ठहर गई'वर आले ना काका, तर हॉलमध्ये असं शांत झालं, की मला वाटलं माइक गेला. नंतर एक म्हातारे गृहस्थ ग्रीनरूममध्ये आले. साठ वर्षं गाणं ऐकतायत म्हणे. विचारलं, हा निषाद कोणत्या घराण्याचा? मी म्हटलं, आर्णीचा. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, काका! म्हणाले, तिथं कोणी तरी मोठी साधना केलेली आहे."

शुभदाताईंनी तोंडाला पदर लावला. नीळकंठरावांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"आणि ते सगळे म्हणतायत की तुम्ही पुण्याला या. या निषादावर बोला. श्रुतीचा विचार तुम्हाला कसा सुचला, किती वर्षं चिंतन केलंत, ते सगळं. येणार ना? काका? ऐकताय ना?"

"ऐकतो आहे," नीळकंठराव म्हणाले. त्यांनी घसा साफ केला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि सभेत उभं राहावं तसे ताठ झाले. शुभदाताईंना वाटलं, आता बावीस श्रुती येणार.

"मिताली, एक छोटंसं काम होतं."

"सांगा ना, काका."

"तो निषाद तेवढा एकदा लावून दाखव. हो, फोनवरच. सपाट ऐकू आला तरी चालते. आमच्याकडे आता व्होल्टेज पूर्ण असते."